चोपडीतली मोरस साखर आणि मॉरिशस: दोन दिवसांत खरंच काय बघावं?

दुकानदाराचा_नातू

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय इथे, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

गणपतीला गावी गेलो होतो, राजापूरच्या बाजूला. घराची कौलं उतरवायची होती म्हणून माळा रिकामा केला, तर पणजोबांच्या किराणा दुकानाच्या चोपड्या निघाल्या, लाल फडक्यात बांधलेल्या, निम्म्या वाळवीने खाल्लेल्या. सगळं मोडीत. ओळखीचे एक काका मोडी वाचतात त्यांना फोटो पाठवले, ते म्हणाले गूळ, तेल, तंबाखू, खोबरं, नेहमीचाच माल आहे पण एक शब्द सारखा येतोय, 'मोरस'. मला वाटलं मोर छाप काहीतरी असेल. आत्याला विचारलं (वय ८४, कान गेलेत पण डोकं शाबूत) तर ती लगेच म्हणाली, अरे मोरस म्हणजे पांढरी साखर, मॉरिशसची. तिच्या आजीच्या तोंडात साखरेला तोच शब्द होता, आणि सोवळ्यातल्या बायका ती देवाला चालवायच्या नाहीत, हाडाच्या कोळशातनं गाळतात म्हणून.

इथवर ठीक होतं. मग ती म्हणाली, "आपल्यातला एक तिकडेच गेला ना." माझ्या खापरपणजोबांचा भाऊ म्हणे मुंबईला गेला, तिथून बोटीत बसला तो आलाच नाही. आमच्याकडे सर्वपित्रीला एक पान जास्तीचं वाढतात, त्याला 'बोटीवरल्याचं पान' म्हणतात. मी लहानपणापासून बघतोय, कधी विचारायचं सुचलं नाही, मला वाटायचं समुद्रात बुडालेला कुणी असेल.

आता योगायोग म्हणा, डिसेंबरात आमचं मॉरिशसचं बुकिंग आधीच झालेलं आहे. सात दिवस, पैकी पाच दिवस समुद्र, बोट, डॉल्फिन वगैरे टूरवाल्याचं. दोन दिवस मी बायकोकडून मागून घेतलेत. पुतळे आणि हारतुरे नकोत, ऊसमळ्यावर राबलेल्या गुलामांच्या आणि गिरमिट्यांच्या (म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या) खऱ्या वस्तू, खरे कागद कुठे बघायला मिळतील? आणि त्या बोटीवरल्याचं नाव कुठल्या रजिस्टरात सापडायची काही शक्यता आहे का की मी उगाच स्वप्नं बघतोय?

भटकभवानी

दादा, मी जाऊन आलेय, दोन वर्षांपूर्वी, त्यामुळे अधिकारवाणीने बोलते आता.

पहिल्यांदा आप्रवासी घाट, पोर्ट लुईसला बंदराजवळच. जाताना एक गोष्ट डोक्यात ठेवा की तिथे 'भव्य' असं काहीही नाहीये. आमच्या ग्रुपमधले लोक पाच मिनिटांत बाहेर आले, म्हणे दगडाच्या भिंतीच आहेत की नुसत्या. बरोबर आहे, भिंतीच आहेत. बोटीने आणलेले मजूर उतरवून घ्यायचा हा डेपो, १८४९ ला सुरू झाला, आज जे उभं आहे ते बहुतेक १८६०च्या दशकातलं, आणि तेसुद्धा पूर्ण नाही, बराच भाग रेल्वेने आणि नंतर हायवेने खाल्ला. उरलंय काय तर हॉस्पिटलच्या इमारतीचा भाग, फाटकावरच्या माणसाची खोली, माणसं ठेवायच्या शेडचे अवशेष, संडास-मोऱ्या, आणि त्या पायऱ्या. सोळा पायऱ्या आहेत. बोटीतून उतरलेला प्रत्येक जण त्यावरून चढून वर आला. एकेकाळी पाणी तिथपर्यंत होतं, आता भराव टाकलाय म्हणून समुद्र लांब गेलाय, त्यामुळे पायऱ्या कुठून येतात आणि कुठे जातात ते पटकन कळतच नाही. २००६ ला युनेस्कोच्या यादीत गेलं ते याच दगडांसाठी.

म्हणून आधी शेजारच्या माहिती केंद्रात जा, नंतर पायऱ्यांवर या. आम्ही उलटं केलं आणि मला परत जाऊन पायऱ्या बघाव्या लागल्या.

दुसरं म्हणजे गुलामगिरीचं म्युझियम, चालत जाण्याच्या अंतरावर, जुन्या फ्रेंच लष्करी हॉस्पिटलच्या इमारतीत. ती इमारतच मुळात ला बुर्दोने गव्हर्नर असताना गुलामांच्या हातांनी बांधलेली आहे, म्हणजे सगळ्यात मोठी वस्तू तीच. तिथे मला हललेलं असं काही असेल तर ते चेहरे. १८४६ साली फ्रोबेरव्हिल नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने मोझांबिककडून धरून आणलेल्या लोकांच्या चेहऱ्यांवर प्लास्टर लावून साचे घेतले, त्याचा हेतू तेव्हाच्या 'वंशशास्त्रा'चा, म्हणजे नाक केवढं कपाळ केवढं असला. मूळ साचे फ्रान्समधे ब्लुआच्या राजवाड्यात आहेत, इथे त्याचं प्रदर्शन मांडलेलं. मिटलेले डोळे. प्लास्टर डोळ्यात जाऊ नये म्हणून मिटलेले, पण बघताना ते आठवत नाही हो.

तिसरं, बो प्लांला साखरेचं म्युझियम. जुना कारखाना १९९९ ला बंद पडला त्यातच केलंय, यंत्रं जागच्या जागी आहेत, चरक, कढया, चिमणी, सगळं. माहिती भरपूर आणि गुलामगिरीबद्दल पण लपवाछपवी नाही. फक्त शेवटी साखरेच्या बारा-पंधरा प्रकारांची चव आणि रमचे घोट देतात ते मला जरा कसंतरीच वाटलं. नवऱ्याला नाही वाटलं 😄

ल मॉर्न डोंगर पण करा, पळालेले गुलाम तिथे लपायचे. २००८ ला तोही युनेस्कोत. दोन दिवसांत चारही बसतं, गाडी मात्र स्वतःची घ्या.

खडूस

वर सगळं छान आहे पण एक सांगतो, राग मानू नका. मराठी माणूस मॉरिशसला गेला की घाटावर जाऊन डोळे पुसतो आणि गुलामगिरीचं म्युझियम 'वेळ मिळाला तर' असतं. भटकभवानी ताईंनी ते केलं नाही म्हणून त्यांना दाद.

क्रम समजून घ्या म्हणजे वस्तू नीट दिसतील. ऊस आणला डचांनी १६३९ ला, जावामधून. ते कंटाळून गेले, मग फ्रेंच आले, त्यांनी मादागास्कर, मोझांबिक, आणि हो, हिंदुस्थानातून पण गुलाम आणले, म्हणजे तिथला गुलाम म्हणजे फक्त आफ्रिकन असं नाही. १७२३ चा फ्रेंच कायदा आहे गुलामांसाठीचा, तो वाचा कुठे मिळाला तर. पहिल्यांदा पळाला तर कान कापायचे आणि खांद्यावर डाग द्यायचा, दुसऱ्यांदा पळाला तर पायाची शीर तोडायची, तिसऱ्यांदा मृत्युदंड. १८१० ला इंग्रज आले. १८२५ ला त्यांनी मॉरिशसच्या साखरेवरची जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आणली आणि मग बेटभर ऊसच ऊस.

आता कागद. इंग्रजांनी गुलामांची नोंदवही करायला लावली, चोरून नवे गुलाम येऊ नयेत म्हणून. त्यात काय आहे, तर एकच नाव, तेही बहुतेक मालकाने ठेवलेलं, अंदाजे वय, जन्म कुठला, काम काय, अंगावरच्या खुणा. बापाचं नाव नाही, गाव नाही. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली (कागदावर, कारण पुढे 'उमेदवारी'च्या नावाखाली त्याच मळ्यावर त्याच मालकाकडे राबायचं होतं, ती १८३९ ला संपली) आणि ब्रिटिश सरकारने सगळ्या वसाहती मिळून २ कोटी पौंड नुकसानभरपाई दिली, त्यातले सुमारे २१ लाख मॉरिशसला. कुणाला दिली? मालकांना. राबलेल्याला एक पै नाही. त्या वाटपासाठी पुन्हा याद्या झाल्या, अमुक मालकाचे इतके गुलाम, इतके पौंड. म्हणजे गुलाम माणसाचं नाव इतिहासात शिल्लक राहिलं ते मालकाच्या बिलात. त्यासाठी सरकारने जे कर्ज काढलं होतं ते फिटलं २०१५ ला, हे वाचून मी दोनदा तपासलं होतं.

बेड्या, साखळ्या बघून लोक फोटो काढतात. बेडी कुणाच्याही पायातली असू शकते, तिच्यावर नाव नसतं. मी म्हणेन रजिस्टरचं एक पान शांतपणे बघा.

मोडीवाचक

धागाकर्ते, 'मोरस' वरून आनंद झाला. हा शब्द आता मराठीतून जवळजवळ गेलाच, गुजरातीत अजून साखरेला मोरस म्हणतात. गंमत म्हणजे गिरमिट पण तसाच शब्द. आपल्याकडे गिरमिट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार, आणि फिजी, नाताळ (दक्षिण आफ्रिकेतलं) इकडच्या लोकांचं गिरमिट म्हणजे ॲग्रीमेंटचा अपभ्रंश. हत्याराचं गिरमिट वेगळ्या शब्दावरून आलंय, दोघांचा संबंध नाही, पण काम दोघांचं सारखंच असं कुणीतरी मला गमतीत म्हणालं होतं.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. तुम्ही स्वप्न बघत नाहीये. उलट या बाबतीत मॉरिशसइतकं नशीबवान ठिकाण कमी असेल. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अॅटलस' नावाच्या जहाजातून ३६ माणसं कलकत्त्याहून उतरली, पाच वर्षांच्या करारावर, महिना पाच रुपये. तिथपासून पुढे पाऊणशे-ऐंशी वर्षांत साधारण साडेचार लाख हिंदुस्थानी माणसं आली आणि जवळजवळ प्रत्येकाला नंबर आहे. मधे १८३८ ला ओरड झाली म्हणून हे बंद केलं होतं, १८४२ ला परत सुरू झालं तेव्हा कलकत्ता, मद्रास आणि मुंबई अशी तीन बंदरं होती. मुंबईहून गेलेले बाकी दोन्हींपेक्षा खूपच कमी, आणि मुख्यतः १८४० ते १८६०च्या दशकांतले. रत्नागिरी, सातारा, सावंतवाडी ही नावं इंग्रजी कारकुनाच्या स्पेलिंगमधे सापडतात, 'रत्नाघेरी' 'सत्तारा' अशी. खापरपणजोबांचा भाऊ म्हणजे काळ बरोबर जुळतोय.

रजिस्टरात काय असतं: नंबर, नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा, परगणा, गाव, जहाज, तारीख, कुठल्या मळ्यावर पाठवला. म्हणजे खडूस यांनी गुलामांच्या वहीत जे नाही म्हणून सांगितलं ते इथे सगळं आहे. हे काही मायेपोटी लिहिलेलं नाही बरं का, माणूस पळाला तर हुडकायला सोपं जावं म्हणून लिहिलंय. मी या नोंदींच्या नकला बघितल्यात, 'डाव्या गुडघ्यावर व्रण' 'कपाळावर देवीचे वण' असल्या खुणा वाचताना पोलीस पाटलाची नोंद वाचल्यासारखं वाटतं.

नावं ओळखायची युक्ती सांगतो. शेवटी 'जी' आलं, भिवाजी, रामजी, संभाजी, की बहुधा मुंबईवाला, म्हणजे आपला. आणि शेवटी 'नाक' आलं तर महार माणूस, तीच पद्धत भीमा कोरेगावच्या स्तंभावरच्या नावांत आहे. फ्रेंच वळणाच्या कारकुनाने त्या 'नाक'चं काय काय केलंय ते बघून हसावं की रडावं कळत नाही.

आणि फोटो. १८६७ ला तिथे कायदा झाला की करार संपलेल्या जुन्या मजुराने पण कायम स्वतःजवळ तिकीट बाळगायचं, त्यावर त्याचा फोटो, शिवाय पोलिसांचा पास. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायचं तर कागद, काम नसेल तर 'भटक्या' म्हणून अटक. फोटोचे पैसे पण त्याच्याच खिशातून. याच तिकिटांमुळे आज त्या काळच्या हजारो साध्या कुणब्या-मजुरांचे चेहरे आपल्याला दिसतात. त्याच वर्षांत रत्नागिरीत किती कुणब्यांचे फोटो निघाले असतील सांगा.

याच जाचाविरुद्ध १८७१ ला अर्ज झाला, आदॉल्फ द प्लेवित्झ नावाच्या गोऱ्या माणसाने लिहिलेला, त्यावर ९,४०१ जुन्या मजुरांच्या सह्या-अंगठे. द प्लेवित्झला मळेवाल्यांनी भर रस्त्यात मारलं. पण चौकशी आयोग बसला, १८७५ ला त्याचा अहवाल आला. माझ्या मते या सगळ्या वस्तूंमधला सगळ्यात मोठा ऐवज हा अर्ज आहे, कारण बाकी सगळं मालकाने किंवा सरकारने त्यांच्याबद्दल लिहिलंय.

हे सगळं दफ्तर आहे मोकाला, महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधे. तिथे एक छोटं म्युझियम पण आहे, भांडी, दागिने, वाद्यं. पण सहज शिरून रजिस्टर चाळू असं होणार नाही, आधी ईमेल करा, नातं काय ते लिहा.

कोयता_बीड

मी बीडचा. आईवडील दोघंपण ऊसतोडीला जायचे, मी दहावीपर्यंत सहा महिने कारखान्यावर आणि सहा महिने गावी असा वाढलो, पाचटाच्या खोपीत. त्यामुळे हे वाचताना माझं डोकं वेगळीकडंच चाललंय.

पाच वर्षाचा करार अगोदर पैसे देऊन, आमच्याकडं त्याला उचल म्हणतात. माणसं गोळा करणारा मुकादम, तिकडं सरदार. एक दिवस कामावर नाही आला तर पैसे कापायचे, आमच्याकडं खाडा म्हणतात, तब्येत बिघडली तरी खाडा, बाळंतीण झाली तरी खाडा. मॉरिशसला पण असंच होतं का कुणी सांगेल का? आणि आमच्यात नवराबायकोला मिळून 'एक कोयता' म्हणतात, माणसं मोजत नाहीत हत्यार मोजतात. तुमचा तो बिलातला मुद्दा वाचून आठवलं.

मोडीवाचक

@कोयता_बीड, हो, अगदी असंच होतं. तिकडे त्याला 'डबल कट' म्हणायचे, एक दिवस गैरहजर तर दोन दिवसांचा पगार गेला. त्या १८७१ च्या अर्जातल्या आणि नंतरच्या आयोगापुढच्या मोठ्या तक्रारींमधली ही एक. महिनाअखेर कित्येकांच्या हातात काहीच यायचं नाही. सरदार पण बरोबर, तोच गावाकडे जाऊन माणसं आणायचा, तोच मळ्यावर देखरेख करायचा, तोच कर्ज द्यायचा. मराठीत 'खाडा' हा शब्द मला सुचला नव्हता, मी उगाच दुहेरी कपात वगैरे लिहीत बसलो असतो.

खडूस

भावना समजते पण सगळं एका मापात घालू नये. गिरमिट्या वाईट परिस्थितीत होता यात वादच नाही, पण त्याची मुलं जन्मतः मालकाची नव्हती, त्याला विकता येत नव्हतं, करार संपला की परतीची वाट निदान होती (परतीचं फुकट तिकीट पुढे बंद केलं, ते सोडा). गुलामाला यातलं काहीच नव्हतं. आणि ऊसतोड कामगार मतदार आहे. नाहीतर उद्या आयटीवाले पण बाँड दाखवत येतील की आम्ही गिरमिटिया म्हणून.

कोयता_बीड

आयटीवाल्यांशी आमची तुलना तुम्ही केली, मी नाही. मी गुलाम म्हटलंच नाही कुठं, खाड्याबद्दल विचारलं. बाकी मतदार आहे म्हणता तर मतदान बऱ्याचदा हंगामात येतं आणि आम्ही असतो कर्नाटकात नाहीतर कोल्हापूरला, तेव्हा मुकादमाने गाडी केली तर मतदार.

खडूस

बरं, हे मला माहीत नव्हतं. मान्य.

भटकभवानी

खडूस आणि मान्य!! स्क्रीनशॉट घेऊन ठेवते.

वाक्वा_मराठी

नमस्कार. मी मॉरिशसहून लिहीत आहे. माझी मराठी शाळेत शिकलेली आहे, घरी आम्ही क्रियोल (फ्रेंचवरून झालेली इथली भाषा) बोलतो, म्हणून भाषा थोडी पुस्तकी वाटेल, माफ करा.

धाग्यातील सर्व माहिती वाचून बरे वाटले. मी आमच्या घरची गोष्ट सांगतो. माझ्या आजीकडे एक पत्र्याचा डबा होता, त्यात जमिनीचे कागद, तिच्या लग्नाचा दाखला आणि एक फाटलेले तिकीट होते. तिकिटावरचा फोटो जवळजवळ पांढरा झाला होता, फक्त डोक्यावरचे मुंडासे आणि एक कान दिसायचा. आजी म्हणायची हा आपला पहिला माणूस. नंबर मात्र स्पष्ट होता. तो नंबर आजीला पाठ होता. तिला वाचता येत नव्हते पण सहा आकडे ती मंत्रासारखे म्हणायची, आणि आम्हा मुलांना पण तिने पाठ करून घेतले. का, ते तिलाही माहीत नव्हते, तिच्या सासूने तिला सांगितले होते की कागद हरवला तरी नंबर हरवू द्यायचा नाही. आता मला कळते की पोलिसाने अडवल्यावर तोंडाने सांगायला लागत असेल.

त्या नंबरावरून मी मोकाला गेलो आणि अर्ध्या तासात पान निघाले. जिल्हा रत्नागिरी, गावाचे नाव असे लिहिले आहे की ते अजून मला लागलेले नाही. बापाचे नाव होते. आमचे आडनाव म्हणजे त्या बापाचे पहिले नाव आहे! इथे बहुतेक मराठी घरांचे असेच आहे, कारकुनाने नावापुढे बापाचे नाव लिहिले, पुढच्या पिढीत ते आडनाव झाले. म्हणून इथे आडनाव विचारून तुम्हाला गाव किंवा कूळ कळणार नाही. तुमच्याकडून येणारे पाहुणे नेहमी विचारतात, मूळ आडनाव काय? आम्ही काय सांगणार.

अलीकडे हे दफ्तर शोधायला गर्दी वाढली आहे कारण २०२४ मध्ये भारत सरकारने सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशसवासीयांना ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळेल असे जाहीर केले. त्यासाठी पूर्वजाचा पुरावा लागतो. ज्या नंबराने आमच्या माणसाला मळ्याबाहेर जाऊ दिले नाही, तो नंबर घेऊन लोक आता भारतीय वकिलातीच्या रांगेत उभे आहेत.

माझे एक मित्र क्रियोल आहेत, त्यांचे पूर्वज गुलाम होते. मी माझे पान दाखवले तेव्हा ते म्हणाले, तुझ्याकडे गाव आहे. एवढेच म्हणाले. त्यांच्या घरचा शोध १८३० च्या पुढेमागे एका एकेरी नावाशी थांबतो. म्हणून पाहुण्यांना मी नेहमी सांगतो, घाट आणि म्युझियम एकाच दिवशी बघा, वेगळे करू नका.

अजून एक वस्तू बघा जी कपाटात नाही. गणपतीत याल तर कास्काव्हेल आणि आजूबाजूच्या गावांत झाकरी बघायला मिळते, तुमच्या कोकणातली जाखडीच ती. गाण्यातले काही शब्द गाणाऱ्यांनाही समजत नाहीत, पण चाल आणि पाय तेच. डिसेंबरात नाही मिळणार, पण ल मॉर्नला जाताना रस्त्यात कास्काव्हेल लागते, थांबा. आणि उसाच्या शेतांत मधेच काळ्या दगडांचे ढीग दिसतील, पिरॅमिडसारखे रचलेले. जमीन साफ करताना निघालेले दगड आहेत ते, हातांनी रचलेले. टूरवाला सांगणार नाही. जुन्या कारखान्यांच्या चिमण्या पण उभ्या आहेत जागोजागी, आमच्या लहानपणी तबलिसमांची (म्हणजे साखर कारखाना आणि त्याचा मळा) घंटा पण अजून टांगलेली होती, पहाटे कामाला उठवायची ती.

मोडीवाचक

@वाक्वा_मराठी, गावाचं नाव जसं लिहिलंय तसं इथे टाकता का? मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे, मुंबई सरकारचं जुनं दफ्तर तिथे आहे, परदेशी गेलेल्या मजुरांबद्दलचा पत्रव्यवहार पण. पण गाव लावायला इथलेच लोक पुरतील, रत्नागिरीवाले भरपूर आहेत.

वाक्वा_मराठी

'वेल्लोंडा', परगणा 'राजापोर'.

भटकभवानी

वेल्लोंडा?? ओंडा?

मोडीवाचक

घाई नको. त्या कारकुनाचा 'व' कधी 'व' असतो कधी 'ब' आणि कधी नुसता हुंकार. वाडीचं नाव पण असू शकतं. पण परगणा राजापूर हे नक्की वाटतंय. धागाकर्ते कुठे गेले?

दुकानदाराचा_नातू

इथेच आहे, वाचतोय सकाळपासून, ऑफिसात काही काम झालेलं नाही.

वाक्वा साहेब, आमच्या तालुक्यात वेल्लोंडा असं गाव नाही. पण वाड्यांची नावं जुन्या लोकांनाच माहीत असतात, मी आमच्या गुरवांना विचारतो, गावच्या गाऱ्हाण्यात ते सगळ्या वाड्यांची नावं घेतात. नातं निघेल असं मी अजिबात म्हणत नाहीये, तालुक्यातून काय एकच माणूस गेला असेल का.

आत्याला फोन केला होता. बोटीवरल्याचं नाव तिला 'धोंडू' एवढंच आठवतंय.

मोडीवाचक

धोंडू, रत्नागिरी जिल्हा. अहो डझनांनी निघतील. धोंडू, धोंडी, धोंड्या, त्यात स्पेलिंग दहा प्रकारची. बापाचं नाव पाहिजे. बाप म्हणजे तुमच्या खापरपणजोबांचाही बाप, तर कुठेतरी असेल ना लिहिलेलं. चोपड्यांच्या पहिल्या पानावर 'श्री' च्या खाली मालकाचं पूर्ण नाव घालायची पद्धत असते, सगळ्यात जुनी चोपडी काढा.

दुकानदाराचा_नातू

जुनी म्हणजे वाळवीवाली. ती गावालाच आहे, कौलांचं काम चालू आहे म्हणून गोठ्यात ठेवून आलोय. भावाला आत्ता मेसेज केला की आधी ती घरात घे. फोटो आले की इथेच टाकतो.